अमळनेरचे गुरुजी

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज पहिले पुस्तक आले ते ‘श्यामची आई’. सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला ते बक्षीस मिळाले होते. आई-वडिलांना वाचता येत नाही. रात्री जेवणे झाली की मी मोठ्याने वाचायचो आणि दोघे ऐकायची. अळणी भाजीच्या प्रकरणाला आई हसली. सावकाराचा माणूस दारात येतो तिथे मात्र वडील काही न बोलता उठून अंगणात गेले. त्या वर्षी आमची कपाशी गेली होती आणि सोसायटीचे कर्ज थकले होते, हे मला फार उशिरा समजले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात कर्ज वाढत गेले आणि घरदारही गेले. पांडुरंग शिकण्यासाठी दापोली, मग औंध, मग पुणे असा हिंडला. औंधला प्लेग आला म्हणून तेथून परतावे लागले. १९१७ साली आई वारली तेव्हा तो जवळ नव्हता. पुढे तो बी. ए., एम. ए. झाला, तत्त्वज्ञान मंदिरामुळे अमळनेरला आला आणि १९२४ पासून तेथल्या हायस्कुलात शिकवू लागला. आज ते प्रताप हायस्कूल म्हणून ओळखले जाते. वसतिगृहही त्यांच्याकडेच होते. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे ही कामे एम. ए. झालेला शिक्षक करीत असे. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिकही काढीत. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्यासारख्याला याचे मोल निराळे सांगायला नको.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यानंतर तुरुंगच तुरुंग. त्रिचनापल्लीला ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्यामुळे. ‘श्यामची आई’चा बराचसा भाग त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. दिवसा काम आणि रात्री लेखन.

अशी पुस्तके आपल्याला शिडीसारखी वाचायला सांगतात: गरीब मुलगा, हालअपेष्टा, जिद्द आणि शेवटी यश. मीही बारावीपर्यंत तसेच वाचले. यंदा पुन्हा वाचताना लक्षात आले की श्याम त्यात फारसा कुठे जिंकतच नाही. पोहायला भितो, लपून बसतो, मार खातो, रडतो. लहान भावासाठी पैसे साठवून कोट शिवतो आणि पावसातून चालत घरी येतो, हाच त्याचा मोठा पराक्रम. घर राहत नाही, आईही राहत नाही. गुरुजींनी आपली जिद्द लिहिलीच नाही. कोणी काय दिले ते लिहिले. मला वाटते, म्हणूनच माझे वडील अंगणात जाऊन परत आले आणि पुढचे वाच म्हणाले. जिंकलेल्या माणसाची गोष्ट त्यांनी ऐकली नसती.

पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिर उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. हे मला अकरावीत ग्रंथालयात कळले. दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. इतक्या मुलांचे डोळे पुसणाऱ्या माणसाचे दुःख कोणाला आवरता आले नाही, याचा राग नेमका कोणावर धरावा हे मला अजून कळलेले नाही.

ते पुस्तक संपले त्या रात्री आईने विचारले होते, त्या पोराचे पुढे काय झाले? मी म्हणालो, तो अमळनेरला मास्तर झाला. तिला बरे वाटले. अमळनेर तिच्या माहेरच्या वाटेवर आहे. बस तिथे थांबली की ती अजून खिडकीतून बाहेर बघते. उरलेले मी तिला सांगितलेले नाही.