माणूस खराब की सिस्टीम?

रात्रीचा दीड वाजलेला. दुसऱ्या दिवशी सबमिशन, आणि आमच्या रूमवर चर्चा कसली, तर देशातल्या भ्रष्टाचाराची! रूममेटचं म्हणणं, पुढारीच चोर. माझं म्हणणं, सिस्टीमच अशी आहे की साधू आणून बसवला तरी चोर होईल. निवडणुकीला पैसा लागतो, देणारा फुकट देत नाही, संपला विषय! तेव्हा रूममेटने शांतपणे विचारलं की मेस सेक्रेटरी म्हणून गेल्या महिन्यात भाजीचं बिल न तपासताच मी सही ठोकली, ती कुणामुळे? माझ्यामुळे की सिस्टीममुळे? मी गप्प. उत्तर शोधता शोधता एका माणसाचं आयुष्य वाचनात आलं, तेच इथे सांगतोय.

तो माणूस म्हणजे फिरोज गांधी. आपल्याला ते इंदिराजींचे पती म्हणून माहीत, फार तर राजीव गांधींचे वडील म्हणून. कित्येकांना तर ते महात्मा गांधींचे नातेवाईक वाटतात! प्रत्यक्षात हा मुंबईच्या फोर्टमधल्या पारशी घरात १९१२ साली जन्मलेला मुलगा. वडील मरीन इंजिनिअर, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. वाढला मात्र अलाहाबादला. १९३० साली कॉलेज सोडून चळवळीत उतरला आणि तुरुंगात गेला. पुढे लंडनला शिकला, १९४२ साली लग्न केलं आणि त्याच वर्षी पुन्हा तुरुंग. १९५२ साली फिरोज गांधी रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आले. सासरे पंतप्रधान, पक्ष सत्तेत. गप्प बसून राहिले असते तरी सगळं मिळालं असतं.

पण ते गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी लोकसभेत उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या विमा कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. पॉलिसीधारकांचा पैसा मालकाच्या दुसऱ्या धंद्यांत कसा फिरवला, ते आकड्यांसकट मांडलं. पुढे दालमियांना तुरुंगवास झाला. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातही या प्रकरणाचा मोठा वाटा होता. २४५ विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी उभी राहिली. म्हणजे सिस्टीम बदलली! माझ्या थिअरीप्रमाणे प्रश्न सुटायला हवा होता.

सुटला नाही. वर्षही झालं नव्हतं, जून १९५७ मध्ये याच एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. मुंदडा अडचणीत होते, आणि गुंतवणुकीसाठी असलेल्या समितीला आधी विचारलंही नव्हतं. मालक बदलला, रोग तोच. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी पुन्हा उभे राहिले, या वेळी स्वतःच्याच सरकारविरुद्ध. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली. ऐकायला एवढी गर्दी की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले! फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी स्वतः पैसे खाल्ले असं काही निघालं नव्हतं, पण आपल्या खात्याच्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असं छागलांनी ठरवलं.

याच छागलांसमोर १९५७ साली टाटा स्टीलचा एक अर्ज आला होता. कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. कायद्यात बंदी नव्हती म्हणून त्यांनी ती दिली, पण हा पैसा लोकशाहीला घातक ठरेल, असा इशाराही देऊन ठेवला. पुढे १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. २०१८ साली इलेक्टोरल बाँड आले, त्यांत देणाऱ्याचं नावच लोकांपासून झाकलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले.

फिरोज गांधींचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. संसदेत खासदाराने काहीही बोलावं, त्याला संरक्षण. पण तेच पेपरवाल्याने छापलं तर त्याच्यावर खटला होऊ शकत होता. १९५६ साली त्यांनी स्वतः विधेयक आणून कायदा करून घेतला आणि संसदेतल्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला संरक्षण मिळवून दिलं. ८ सप्टेंबर १९६० रोजी हृदयविकाराने ते गेले, तेव्हा वय फक्त ४७. आणि नियतीचा खेळ बघा, हाच कायदा आणीबाणीत इंदिराजींच्या सरकारने रद्द केला! १९७७ साली नव्या सरकारने तो परत आणला.

मग माणूस खराब की सिस्टीम? मित्रांनो, मला वाटतं आम्ही दोघंही अर्धेच बरोबर होतो. एलआयसीच्या नियमांत समिती होती, पण तिला विचारणारं कुणी नव्हतं. फिरोज गांधींसारखा माणूस होता, पण प्रश्न विचारायला संसद नसती आणि छापायला पेपर नसते तर तो एकटा काय करणार होता? आपण कंट्रोल सिस्टीममध्ये शिकतो ना, फीडबॅक तोडला की चांगलं मशीनही भरकटतं. पण ती वायर जोडायला आणि जोडलेली ठेवायला शेवटी माणूसच लागतो.

ता. क. : या महिन्यापासून मेसची सगळी बिलं नोटीस बोर्डवर लागतील. पहिल्याच बिलात एक चूक निघाली आहे, आणि खालची सही माझी आहे. ज्याला विचारायचं असेल त्याने खुशाल विचारावं.