तंजावरचे सरफोजी राजे

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. पूर्वी रामेश्वराला पायी निघालेले यात्रेकरू या वाटेने जात. त्यांच्यासाठी येथे 1802 च्या सुमारास एक भव्य छत्र, म्हणजे अन्न व निवारा देणारी धर्मशाळा, उभी राहिली. सरफोजी राजे (दुसरे) यांनी आपली सहचारिणी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ ती बांधली होती.

सरफोजींचा जन्म 1777 साली झाला. तुळजाजी राजांनी त्यांना 1787 साली दत्तक घेतले. परंतु त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले आणि गादी अमरसिंगांकडे गेली. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याने या पोरक्या बालकाचा सांभाळ करून त्याच्या शिक्षणाची सोय केली. 1798 साली सरफोजी राजे झाले, पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला.

सत्ता गेली, तरी छत्रे चालू राहावीत, अशी राजांची तळमळ होती. 1801 साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून तंजावरच्या छत्रांचे कार्य सविस्तर कळविले आणि त्यांत खंड पडू देऊ नये, अशी विनंती केली. छत्रात आजारी वाटसरूला औषध व पथ्याचे अन्न मिळे. घरापासून शेकडो कोस दूर असताना एखाद्या स्त्रीचे दिवस भरले, तर तिच्या बाळंतपणाचा खर्च छत्र करी आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहता येई. तान्ह्या मुलांना दूध दिले जाई. अनाथ मुलांना पंतोजींच्या स्वाधीन करून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी अभ्यंग आणि विद्या दिली जाई.

राजे स्वतः अखंड विद्यार्थी होते. नेत्ररोगांच्या उपचारांत ते जातीने लक्ष घालीत; रुग्णांच्या नोंदी व डोळ्यांची चित्रे त्यांनी करवून घेतली. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य औषधांचा अभ्यास चाले. अनुभवाला आलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित झाले. त्यांतील एक भाग गर्भिणी व बालरोग यांवर आहे. त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 साली तेथून इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघाला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी हजारो ग्रंथांनी समृद्ध केले.

1832 साली सरफोजी राजांचे निधन झाले. पोरक्या वयात मिळालेला आधार त्यांनी शतपटीने परत केला. उपाशी मूल शिकू शकत नाही आणि बाळाची चिंता वाहणाऱ्या मातेलाही आधारावाचून पुढची वाट चालता येत नाही. म्हणूनच अन्न, शुश्रूषा आणि विद्या या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली देणाऱ्या छत्रांचे मोल मोठे होते.