जिजाईंची कुरकुर



आजच्या गाथावाचनात जिजाईंची कुरकुर आली. घरात दाणा नाही आणि नवरा टाळ वाजवतोय, ही त्यांची तक्रार. मी तिथेच अडलो. माझ्या बायकोला सातवा महिना चालू आहे आणि मागच्या दोन तपासण्यांना मी गेलेलो नाही. एकदा रिलीज होती, एकदा क्लायंटचा कॉल.

तुकोबांचा जन्म १६०८ चा, आपल्या पिंपरीजवळच्या देहूचा. पहिल्या पत्नी रखमाबाई. त्यांना दमा होता, म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची जिजाई दुसरी पत्नी म्हणून घरात आली, असं परंपरा सांगते. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पाठोपाठ लहानगा संतूही गेला. बाप म्हणून तुकोबांनी काय सोसलं असेल! पुढे ते भंडारा डोंगरावर एकांतात बसू लागले. जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढायच्या. त्यांच्या पायात रुतलेला काटा विठ्ठलानेच येऊन काढला, अशी कथा आहे.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. तेव्हा जिजाई गरोदर होत्या. नारायण जन्मला तो वडिलांच्या माघारी. याच नारायणबाबांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आपण निगडी-आकुर्डीला ज्या पालखीपुढे हात जोडतो, तीच ही. तिच्यामागे जिजाईंचे ते महिने आहेत, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तुकोबांना दोष देण्याची माझी लायकी नाही. उलट त्यांनी जिजाईंचे कडू बोल लपवले नाहीत, गाथेत येऊ दिले. म्हणजे ते ऐकत होते. माझी बायको पाय सुजलेत म्हणाली, तेव्हा मी हेडफोनसुद्धा काढला नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, तपासणीला सोबत आई नाहीतर सासू, आणि पुरुष दाराबाहेर. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, पण खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. चाकणला शिफ्ट करणाऱ्याने सुट्टी घेतली, तर त्याचा खाडा पडतो. पण मी घरूनच काम करतो. मला कोणती सबब?

पिंपरीतलं वायसीएम रुग्णालय ज्या भागात आहे, त्याचं नाव संत तुकारामनगर. इतकी वर्षं तिथून जातोय, पण हे नाव आज वेगळं ऐकू आलं.

शुक्रवारच्या तपासणीसाठी कॅलेंडर ब्लॉक केलंय. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, सगळं विचारायचं लिहून ठेवलंय. सुजेबरोबर डोकं दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे जायचं, हेही आता शिकलो.

आज हरिपाठ झाल्यावर तिच्या पायाशी बसलो. हेडफोन दुसऱ्या खोलीत ठेवले होते.

रामकृष्ण हरी.