ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (इ.स. १८५० – इ.स. १९१०) या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या मराठी लेखिका व स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध त्यांचे एकमेव ज्ञात पुस्तक होय. भारतीय स्त्रीवादी लेखनातील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

जीवन

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुलींच्या शिक्षणाला समाजाचा विरोध असताना त्यांनी ताराबाईंना मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचा विवाह लहान वयात झाला. पती घरजावई असल्याने त्या माहेरीच राहिल्या. त्यांना अपत्य नव्हते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता.

लेखनाची पार्श्वभूमी

इ.स. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल सुरतच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात फाशी टळली. मात्र या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर टीका होऊ लागली. एका स्त्रीच्या अपराधाचे खापर सर्व स्त्रियांवर फोडले जात असल्याने ताराबाई संतप्त झाल्या व त्यांनी लेखणी हाती घेतली.

निबंधाचा आशय

साहस, कपट, चंचलता असे जे दोष स्त्रियांना चिकटविले जातात, ते एकेक घेऊन ताराबाईंनी पुरुषांना त्याच मापाने मोजले. पत्नी वारल्यावर पुरुष लगेच दुसरा विवाह करतो, तर विधवेला ती मुभा का नसावी, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. विधवेला फसविणारा पुरुष मोकळा सुटतो व कलंक तिलाच लागतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शास्त्रकार, समकालीन नाटक-कादंबरीकार आणि केवळ सभा गाजविणारे सुधारक यांपैकी कोणालाही त्यांनी सोडले नाही. बोलीतील म्हणी आणि बोचरा उपरोध हे या लेखनाचे बळ आहे.

प्रतिसाद व पुनर्मुद्रण

पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलेल्या या पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे होती. पुस्तकावर कठोर टीका झाली, तेव्हा फुले यांनी इ.स. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हा निबंध दीर्घकाळ विस्मृतीत गेला. इ.स. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि इ.स. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद प्रकाशित झाल्याने तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला.