न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी. १८४४ साली व्यापारी घराण्यात जन्मलेले तय्यबजी सोळाव्या वर्षी विलायतेस शिकावयास गेले. डोळ्यांच्या विकाराने मध्येच परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारलेला जामीन त्यांनीच मंजूर केला. पण पुढची पायरी पाहा. सरन्यायाधीश बॅरिस्टर असावा, ही कायद्याची अट त्यांनी केव्हाच पुरी केली होती. हिंदी माणूस नको, असे कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही ती खुर्ची इंग्रजाचीच! १९०२ मध्ये तय्यबजींना ती मिळाली, तीही हंगामी. मुंबईस कायमचा हिंदी सरन्यायाधीश मिळण्यास स्वातंत्र्य यावे लागले. ते महंमद करीम छगला.

पालकहो, घरातला अडसर मात्र तय्यबजींच्या स्वतःच्या हाती होता. मुलींना शाळेत घालण्यास समाजात कोणी धजत नसे, त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शिकविले. १९०४ मध्ये तर दोघींना विलायतेच्या शाळेत धाडले. दोन वर्षांनी लंडनमध्येच ते पैगंबरवासी झाले.