कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, इ.स. १९११ – इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

शिक्षण

त्यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. परंतु संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. त्यांनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर पहिले वर्ष परिविक्षेचे, अशा अपमानास्पद अटींवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेची दारे स्त्रियांना खुली केली.

सायटोक्रोम सी

केंब्रिज येथे डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना बटाट्यावरील प्रयोगांतून वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, असे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून देणारा त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

सायटोक्रोम सी हे लोह या संक्रमण धातूचे संकुल आहे. धातूच्या अणूला जोडल्या जाणाऱ्या रेणूंना किंवा गटांना लिगंड म्हणतात आणि धातू कसा वागेल हे बरेचसे तेच ठरवतात. रक्तातील हिमोग्लोबिन आणि सायटोक्रोम सी या दोन्हींत लोहाभोवती पॉर्फिरिन वलयातील चार नायट्रोजन अणू असतात. पाचवी जागा हिस्टिडीनची. फरक सहाव्या जागेत आहे. हिमोग्लोबिनमध्ये ती रिकामी असल्याने तेथे ऑक्सिजन बसतो आणि सुटतोही. सायटोक्रोममध्ये ती जागा मेथिओनीनच्या गंधक अणूने अडवलेली असते. त्यामुळे तेथील लोह ऑक्सिजन वाहत नाही, तर +२ आणि +३ या अवस्थांमध्ये बदलत इलेक्ट्रॉनची ने-आण करते. श्वसनाची साखळी त्यावर चालते. ही रचना पुढे काही दशकांनी उलगडली. प्राणी व वनस्पती एकाच रासायनिक युक्तीने श्वसन करतात, याचा पुरावा मात्र सोहोनी यांनी आधीच दिला होता.

भारतातील कार्य

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात व कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या व पुढे तिच्या संचालक झाल्या. डाळी, तांदळाचे पीठ आणि नीरा यांची पोषणमूल्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह तपासली. नीरेमुळे कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम करत राहिल्या.

१९९८ मध्ये नवी दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या सत्काराच्या वेळी त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.