ज्ञानकोशकार केतकर

मागे आपण वर्गात किल्ल्यांवर तक्ते केले होते, आठवतं ना? बहुतेकांनी चारी कडांना सुरेख वेलबुट्टी काढली, चमकी चिकटवली आणि मजकूर लिहायला वेळच उरला नाही! (ज्या तक्त्यांना आईबाबांचा हात लागला होता, त्यांचीही हीच गत होती.) म्हणून आज डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची गोष्ट सांगते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. १९०६ साली ते अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. इंग्रजीत जगातल्या सगळ्या विषयांची माहिती देणारे जाडजूड कोश होते. मराठीत तसं काहीच नव्हतं. नुसतं मराठी येणाऱ्या माणसाने जगाची माहिती मिळवायची कुठून? भारतात परतल्यावर केतकरांनी हे काम अंगावर घेतलं. नागपुरात त्यासाठी चक्क एक कंपनी काढली, तिचे भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले. पुढे कचेरी पुण्याला आली.

काम डोंगराएवढं होतं. सगळा कोश पुरा झाल्यावरच छापू म्हटलं असतं, तर पैसे आणि लोकांचा धीर दोन्ही आधीच संपले असते. केतकरांनी एकेक खंड तयार करून लोकांच्या हाती द्यायचं ठरवलं. पहिला १९२० साली निघाला.

आता गंमत पाहा. कोश म्हटला की 'अ' पासून सुरुवात, असं आपल्याला वाटतं. पण केतकरांचा 'अ' आला सहाव्या खंडात! आधीचे पाच खंड प्रस्तावनेचे. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धापूर्वीचं जग, बुद्धानंतरचं जग आणि विज्ञानाचा इतिहास असे त्यांचे विषय. पैशाअभावी काम मध्येच थांबलं असतं, तरी एवढं मोलाचं ज्ञान मराठी घरात पोचलेलं असतं. मला तर ही युक्ती फार आवडते.

काम थांबलं मात्र नाही. ते दशक संपेपर्यंत तेवीस खंड झाले. केतकर एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन. त्या स्वतः विदुषी होत्या.

एवढं करूनही केतकरांच्या हाती पैसा राहिला नाही. मधुमेहानं पोखरलेल्या शरीराने ते लिहीत राहिले आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात वारले. वय अवघं त्रेपन्न.

ज्ञानकोश आता संगणकावरही वाचता येतो. त्यात आपल्या कुवेतची नोंद आहे का, असल्यास कोणत्या नावाने, ते शोधा. पुढच्या शुक्रवारी चार ओळी लिहून आणा. वेलबुट्टी नको!